सहा चाळीसची सवत

६ जानेवारी, मंगळवार

ही वही मी विकत घेतलेली नाही, केंद्रातल्या मॅडमनी दिली. युद्धावरून परतलेल्यांसाठी जे मदत केंद्र आहे, तिथे आज घरच्यांची पहिली बैठक होती. मॅडम म्हणाल्या, "परत आलेल्या माणसाला सांभाळता सांभाळता घरचं माणूस आतल्या आत कुढतं. लिहीत जा. रोज नको, कुणाला दाखवू नका, पण खरं लिहा."

खरं लिहायचं तर मला मिळालेली खुर्ची हलत होती आणि चहा गार होता.

आणखी खरं हे की माझा नवरा परत येऊन आठ महिने झाले. चार वर्षं तो तिकडे वायरलेसवर होता. हातपाय धड आहेत, म्हणून सगळे मला नशीबवान म्हणतात. तो पहाटेपर्यंत टक्क जागा असतो. दुपारपर्यंत पंखे-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जातो, घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसतो. विचारलं तर "ठीक". लग्नाला या महिन्यात एकोणीस वर्षं होतील आणि आमच्यात एक शब्द उरलाय, तोही दोन अक्षरी.

मग डिसेंबरात केंद्राने त्याला एक जोडीदार लावून दिला. परतलेल्या दोघांची जोडी करतात. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकमेकांना फोन करायचा, आपण हजर आहोत एवढं सांगायचं. यांची वेळ सहा चाळीस. दोघं तिकडे एकत्र होते म्हणावं तर तेही नाही. तो ट्रक चालवायचा, वेगळ्याच तुकडीत. ओळख पुरती चार आठवड्यांची. पण सहा चाळीसला फोन वाजला की आमचे हे टुणकन उठतात, गॅलरीत जातात आणि दार लावून घेतात.

दार लावून घेतात! आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर.

मॅडम आज त्या जोड्यांचंच काही समजावत होत्या, कार्डं, आकडे, काय लिहायचं, कसं लिहायचं. मला ऐकवेना. मी चहाचा कप विसळायचं निमित्त करून बाहेर गेले आणि ते संपेपर्यंत नळापाशीच उभी राहिले.

बाईचं लफडं असतं तर झिंज्या उपटल्या असत्या. या मिशीवाल्या सवतीचं काय करायचं?

८ जानेवारी, गुरुवार

आज तो हसला. गॅलरीत, दाराआड. मी कणीक मळत होते. आधी वाटलं शेजारचा कुणी असेल. नाही, हाच. ते हसू मी विसरत चालले होते, शेवटी थोडा खोकला येतो ते.

मी हात पुसून दाराशी गेले तोवर हसू संपलं होतं. त्याचा आवाज आला, "तीन. बरं. दोनपेक्षा तीन बरे."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय एवढं हसण्यासारखं?"

"काही नाही. त्याच्या घराखालच्या कोंबड्याचं सांगत होता."

मी आठ महिन्यांत या माणसाला मालकीणबाईंच्या किती गमती सांगितल्या. मी काम करते त्या लॉन्ड्रीची ही मालकीण स्वतःच विनोद आहे. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कोट त्यालाच पावतीशिवाय देईना, अंगावर घालून दाखवला तरी देईना, हे मी अभिनय करून सांगितलं. तेव्हा हा भिंतीकडे बघत होता. आणि तिकडे कोंबड्यावर हसतो.

१२ जानेवारी, सोमवार

रागात लिहितेय, अक्षर वाईट येईल.

लॉन्ड्रीत माझं काम खिशांपासून सुरू होतं. कपडा पाण्यात जाण्याआधी एकूण एक खिसा उलटा करायचा. जे निघेल ते पाकिटात घालून वर पावतीचा नंबर टाकायचा. वाचायचं नाही, हा तिथला पहिला नियम. बारा वर्षं मी तो पाळला. लोकांच्या खिशांत काय काय निघतं, मी कधी चिठ्ठीची घडी उलगडली नाही.

आज घरी याचा शर्ट भिजवताना हात आपोआप खिशात गेला. जाड कागदाचं कार्ड निघालं. त्यावर याच्या अक्षरात तारखा आणि प्रत्येकीपुढे एक आकडा. वर छापलंय, 'आज कसं वाटतंय? दहापैकी.'

३, ४, ३, २, ३, ३, २.

दहापैकी दोन! मी बनवलेलं जेवून, मी धुतलेल्या चादरीवर झोपून, दहापैकी दोन. शाळेत याला गणितातसुद्धा यापेक्षा जास्त पडले असतील. आणि हा निकाल तो मला सांगत नाही, सवतीला सांगतो. "तीन. बरं. दोनपेक्षा तीन बरे." आता कळलं ते काय होतं.

कार्ड होतं तसं ठेवून दिलं. शर्ट दोनदा धुतला.

१३ जानेवारी, मंगळवार

जेवताना सरळ विचारलं, "कसा आहेस?"

"ठीक."

"आकड्यात सांग."

त्याने मान वर केली. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं, पण ते बघणं मला नको होतं. "ते आमच्या दोघांतलं आहे," म्हणाला. रागाने नाही. समजावून सांगावं तसं.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पुरुष माणसावर जळफळाट कसला करतेस? तो बोलतोय कुणाशी तरी, हे काय कमी आहे?" ताईचं बरं आहे, तिचा नवरा झोपेतसुद्धा बडबडतो.

१७ जानेवारी, शनिवार

माझा शनिवार फुकट गेला.

शनिवारी आमच्याकडे हॉटेलच्या चादरी येतात. धुऊन, वाळवून, घडी घालून संध्याकाळी परत द्यायच्या असतात. इस्त्रीवाले काका आजारी, जोडीला कुणी नाही. मोठ्या चादरीची घडी एकटीने घालणं म्हणजे एकटीने झिम्मा खेळणं. मी वैतागून घरी फोन केला की यायला उशीर होईल, चादरी पडल्यात. तर हा म्हणाला, "चादरी पडल्यात. उशीर होईल," आणि फोन ठेवला. त्याची ही सवय जुनी आहे. वायरलेसवाले ऐकलेलं परत म्हणून दाखवतात, समोरच्याला कळावं की पोचलं. दूध, साबण, काडेपेटी आण म्हटलं की "दूध, साबण, काडेपेटी" म्हणूनच बाहेर पडणार.

अर्ध्या तासाने स्वतःच दारात हजर. मागे एकदा आला होता तेव्हा वाफेची इस्त्री फस्स करून सुटली आणि हा चहा टाकून रस्त्यावर पळाला होता. म्हणून मीच त्याला बोलवत नाही. आज आला, समोरची दोन टोकं धरली. मी दोन धरली. ताणायचं, झटकायचं, एकमेकांकडे चालत यायचं, त्याची टोकं माझ्या हातात द्यायची, खाली वाकून दुमड उचलायची, परत मागे जायचं. बेचाळीस चादरी झाल्या. शेजारी ती इस्त्री दहा वेळा फसफसली, हा ढिम्म. आणि बेचाळीस चादरींत तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, मग मीही मूग गिळले.

घरी येताना वाटेत भजी घेऊ म्हटलं, तर "नको". संपला शनिवार.

१८ जानेवारी, रविवार

आज फोन अठरा मिनिटं चालला. मी घड्याळ लावून बसले होते. एवढं काय सांगत होता सवतीला? कालच्या चादरींबद्दल तर नक्कीच नसणार.

२१ जानेवारी, बुधवार

घरच्यांची दुसरी बैठक झाली. या वेळी मी नळापाशी गेले नाही, पण मॅडम आज झोपेच्या गोळ्यांबद्दल बोलत होत्या. शेवटी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "जोडी लावायचीच होती तर बायको होती की. बायको जोडी नसते का?"

मॅडम विचार करून म्हणाल्या, "तुमच्यासमोर त्यांना बरं दिसायचं असतं. जोडीदारासमोर बरं दिसायची गरज नसते."

"म्हणजे माझ्यासमोर खोटं आणि त्याच्यासमोर खरं?"

"तसं नाही म्हणाले मी."

पण तसंच म्हणाल्या. मी निघताना भिंतीवर जोड्यांचा नियम लावलेला पाहिला. ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांत उत्तर आलं नाही, तर केंद्राला कळवायचं आणि जमेल तसं जोडीदाराकडे पोचायचं. केंद्र घराचे पत्ते एकमेकांना देत नाही म्हणे. बरं झालं. नाहीतर सवत एक दिवस पेटी घेऊन दारात.

हो, आणि सवतीचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. याने सांगितलं, त्याला मिशी नाही. इतके दिवस मी उगाच मिशीवर राग काढत होते.

२७ जानेवारी, मंगळवार

कार्ड परत बघितलं. खिशातून पडलं नाही, मी काढलं.

३, २, २, २, १.

एक! तरी हा जेवतो, दुकानात जातो. परवा तर त्याने स्वतःहून माझ्या सायकलची चेन बसवून दिली. इतकं वाईट वाटत असेल तर दिसत कसं नाही? ओठात एक आणि पोटात एक, असा तो नव्हता. हल्ली संध्याकाळीसुद्धा सवतीला फोन करतो, येरझाऱ्या घालत. माझ्यासोबत राहणं त्याला एक वाटतंय आणि तो ते रोज लिहून ठेवतोय, हे वाचून मी इथे पोळ्या लाटतेय. मला रडू येत नाही, संतापच येतो. त्या माणसाने फोनवर काय काय भरवलं असेल याच्या डोक्यात?

२९ जानेवारी, गुरुवार

उद्या लग्नाचा वाढदिवस. मी रजा टाकलीय. मालकीणबाई म्हणाली, "रजेची पावती कुठाय?" तो तिचा विनोद असावा.

याला म्हटलं, उद्याचा दिवस आपल्या दोघांचा. तो म्हणाला, "उद्याचा दिवस आपल्या दोघांचा," आणि मग, "सकाळचा फोन झाला की मी मोकळा."

आधी सवत, मग मी. उरलंसुरलं बायकोला.

३० जानेवारी, शुक्रवार

मॅडम, तुम्ही खरं लिहायला सांगितलंत. हे घ्या.

पहाटे याला झोप लागली. खरी झोप, तोंड किंचित उघडं. असा झोपलेला मी परत आल्यापासून पाहिला नव्हता. मी शेजारी बसून बघत राहिले. आणि सहा चाळीसला त्याचा फोन गादीवर थरथरायला लागला.

मी तो उचलला आणि आवाज, थरथर, सगळं बंद केलं. मनात म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. हे कारण मी त्या क्षणीच तयार केलं होतं, तेव्हाही मला ते ठाऊक होतं. झोपेसाठी केलं असतं तर फोन उचलून "वाढदिवस आहे, झोपलाय, नंतर करेल" एवढं सांगता आलं असतं. मला ते सांगायचंच नव्हतं. मला सवतीला वाट बघायला लावायची होती. परत दिवा लागला सहा पंचेचाळीसला, मग पन्नासला, मग पंचावन्नला. मी फोन उशीखाली सरकवला. त्या वेळी मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

आठ वाजता तो जागा झाला. उजेड बघून धडपडत उठला. "किती वाजले? फोन?"

"वाजला नाही," मी म्हटलं.

त्याने उशी उचलली. चार वेळा येऊन गेलेला फोन बघितला. माझ्याकडे बघितलंही नाही. उलटा फोन लावला, एकदा, दोनदा, पाच वेळा. शर्टाची बटणं चुकीची लावत दाराबाहेर पडला. मी मागोमाग, चपला हातात घेऊन. रिक्षात मी म्हटलं, "झोपला असेल तो." हा म्हणाला, "तो झोपत नाही." अर्धा तास तो परत परत फोन लावत राहिला.

सवत एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका खोलीत राहते; इमारतीचं नाव त्याने कधीतरी कोंबड्याच्या गोष्टीत सांगितलं होतं, म्हणून याला ठाऊक. दाराला बाहेरून कुलूप होतं. आणि कुलपाच्या आत फोन वाजत होता. याने कानाला लावलेला फोन बाजूला घेतला की आतला ऐकू यायचा.

घरमालकीण वर आली. म्हणाली, "सातला गेले. धावतच. पायात रबरी चपला, अंगात स्वेटर नाही. साडेतीन महिन्यांत माणूस पहिल्यांदा फाटकाबाहेर गेला हो. किराणासुद्धा मीच आणून देते."

हा जिन्यावर बसला. म्हणाला, "काल शून्य होता."

"कोण शून्य?"

"तो. परवा एक, काल शून्य." आणि त्याने खिशातून ते कार्ड काढलं, माझ्यासमोर धरलं. "मी त्याचा आकडा लिहितो. तो माझा लिहितो. स्वतःचा लिहायचा नसतो, स्वतःचा आकडा माणूस खोटा लिहितो. काल मी त्याला म्हटलं, उद्या सहा चाळीसला मी आहे, तेवढं धरून ठेव."

तीन, बरं. दोनपेक्षा तीन बरे. तो ऐकलेलं परत म्हणत होता. एकोणीस वर्षं मला त्याची ती सवय माहीत आहे, दूध, साबण, काडेपेटी, आणि मी दाराला कान लावून ते याच्याच मनचं धरलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं.

मी म्हटलं, "फोनचा आवाज मी बंद केला. तो वाजत होता तेव्हा मी जागी होते."

"आवाज बंद केला," तो म्हणाला. "जागी होतीस."

एवढंच. मला त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने फक्त ऐकलेलं परत म्हटलं, म्हणजे पोचलं.

मग आम्ही कालव्याच्या पुलावर गेलो. रुळांच्या बाजूला गेलो. हा लोकांना विचारत होता, "स्वेटर नसलेला माणूस?" मी मॅडमना फोन केला, त्या गाडी घेऊन निघाल्या. पुलाच्या कठड्याला धरून मी पाण्यात बघितलं आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिते. मला वाटलं, हा माणूस गेला तर माझा नवरा कायमचा त्याचा होईल. अशा वेळीसुद्धा मी हाच हिशोब करत होते.

साडेअकराला माझा फोन वाजला. मालकीणबाई. "अगं, इथे दहापासून एक माणूस काउंटरला उभा आहे. पावती नाही. काय घ्यायला आलात विचारलं तर म्हणतो, माणूस. मी म्हटलं, इथे कपडे मिळतात. तर म्हणतो, खिसे बघणाऱ्या वहिनी इथेच काम करतात ना, त्यांच्याकडे आहे."

आम्ही पोचलो तेव्हा तो तसाच उभा होता. बुटका, टक्कल पडत आलेला, चपलेचा एक अंगठा तुटलेला, टाचेतून रक्त. अकरा किलोमीटर चालत आला होता. ट्रक चालवणारा माणूस आता कुठल्याच गाडीत बसत नाही. आमच्या घराचा पत्ता त्याला माहीत नव्हता, लॉन्ड्रीचं नाव माहीत होतं.

याला बघून तो म्हणाला, "हजर?"

"हजर," हा म्हणाला, आणि दोघं तिथेच, चादरींच्या गाठोड्यावर बसले. सवतीला हुंदका फुटला तो थांबेना. मालकीणबाईने पहिल्यांदाच काहीही न विचारता खुर्ची, पाणी आणि स्वतःची शाल दिली.

नंतर, चहा पोटात गेल्यावर, त्याने मला सांगितलं. तिकडे सहा चाळीसला पहारा बदलायचा. दुसरा आला की पहिल्याने झोपायचं. एकदा त्याच्या जागी येणारा आला नाही. सवतीला वाटलं, आळशी आहे, झोपला असेल, आणि अर्धा तास त्याला शिव्या देत बसली. मग बघायला गेली, तोवर तो माणूस संपला होता. "आज म्हटलं, या वेळी नाही बसायचं वहिनी. उठायचं."

मी त्याला सांगितलं की फोन मी बंद केला होता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मला वाटलंच नाही की इतकं साधं काही असेल."

हा ते ऐकत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

३१ जानेवारी, शनिवार

सवत रात्री आमच्याकडे राहिली. मॅडम डॉक्टरांना घेऊन आल्या होत्या, टाचेला आणि मनाला दोन्हीला औषध देऊन गेल्या. आता त्याला आठवड्यातून दोनदा बघणार आहेत, तेही त्याच्या खोलीवर जाऊन.

सकाळी सहा चाळीसला दोघं एकाच खोलीत समोरासमोर बसलेले. तरी सवतीने फोन लावला आणि हा उठून गॅलरीत गेला. दार लावलं. मी कपाळाला हात लावला. मग हा त्याला चालत सोडायला गेला, अकरा किलोमीटर. माझ्याशी कालपासून बोललेला नाही. "ठीक"सुद्धा नाही.

सवतीचा मळका शर्ट मी लॉन्ड्रीत नेला. खिसा उलटा केला. कार्ड.

वाचायचं नाही हा नियम. पण एकदा मोडलाय तो पुरता मोडावा म्हणून वाचलं. वेड्यावाकड्या अक्षरात माझ्या नवऱ्याचे आकडे. ४, ४, ५, ४, ५, ५, ४. आणि मध्ये एकच, अठरा तारखेला, ८. त्या तारखेसमोर बारीक अक्षरात लिहिलंय, 'चादरी'.

मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले आणि ही वही उघडली. सतरा तारीख. काय लिहिलंय मी? 'माझा शनिवार फुकट गेला.'

दहापैकी आठ. त्या फसफसणाऱ्या इस्त्रीशेजारी उभं राहून, माझ्या हातात टोकं देत, बेचाळीस वेळा. आणि ते अठरा मिनिटं सवतीला सांगत होता. मला रडू आलं, आणि रडता रडता राग आला. आठ वाटलं होतं तर मला सांगायला काय झालं होतं रे? मी तिथेच होते ना, चादरीच्या दुसऱ्या टोकाला!

३ फेब्रुवारी, मंगळवार

अजून बोलत नाही. जेवणाचं ताट घासून ठेवतो. मीही गप्प, तोंड कुठल्या तोंडाने उघडू?

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फोन संपता संपता गॅलरीचं दार उघडलं. याने फोन माझ्यापुढे धरला. "विचारतोय, वहिनी हजर आहेत का."

मी फोन घेतला. "हजर."

"किती?" सवत म्हणाली.

मी याच्याकडे बघितलं. तो शर्टाचं बटण लावत होता, पण कान इकडेच होता. मॅडम म्हणाल्या होत्या ते आठवलं, की घरच्यासमोर बरं दिसायचं असतं. मी म्हटलं, "दोन."

"बरं. मी आज तीन. तुमच्यापेक्षा एक जास्त," सवत म्हणाली. आवाजात जरा फुशारकी होती. मेली.

"दोन," हा हळूच म्हणाला, स्वतःशीच.

७ फेब्रुवारी, शनिवार

इस्त्रीवाले काका बरे होऊन आलेत. जोडीला माणूस आहे, तसं काही अडत नव्हतं. तरी मी दुपारी काकांना लवकर घरी पाठवलं. मालकीणबाईने भुवई उंचावली, मी तिकडे बघितलंच नाही.

मग घरी फोन केला. वाजत राहिला. उचलणार नाही असं वाटलं, आणि मला कळलं की सहा चाळीसला, पंचेचाळीसला, पन्नासला कुणाला कसं वाटत असेल.

त्याने उचलला. मी म्हटलं, "चादरी पडल्यात. बेचाळीस. मी एकटी आहे."



"बेचाळीस चादरी," तो म्हणाला. "एकटी आहेस." मग म्हणाला, "येतो."

आला. टोकं धरली. आजही एक शब्द बोलला नाही, आणि मीही बोलले नाही. सदतिसाव्या चादरीला टोकं माझ्या हातात देताना त्याने हात लगेच काढून घेतला नाही. भजी मात्र आजही "नको" म्हणाला.

उद्या सकाळी सवतीला तो किती सांगणार, कोण जाणे. मी गॅलरीच्या दाराला कान लावणार नाही, असं लिहिणार होते. पण मॅडमनी खरं लिहायला सांगितलंय.